ओला फडका

माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे ती.
आणली त्या दिवशी घरात कुणी पेढा मागितला नाही.
काका फाटकातूनच म्हणाले,
"हप्त्यावर नवी येते ना वं, एसीची,
म्हातारीले कशाले आनलं घरी?"

रंग बामणोदच्या भरताच्या वांग्याचा,
फिका हिरवा, देठापाशी पांढरट.
पद्मिनी. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर.
रिव्हर्स टाकताना अजूनही
कुणाचा तरी हात पिरगाळल्यासारखं वाटतं.

सरोदे गार्डांनी किल्ली दिली,
मग परत घेतली,
चोक कसा ओढायचा ते पुन्हा एकदा दाखवलं.
थंडीत पूर्ण. मे महिन्यात हातही लावायचा नाही.
"अन् एक फडका ठेव, पाण्याची बाटली ठेव.
तापली का पाइपातच वाफ होते पेट्रोलची.
शिव्या देऊन काही होत नाही.
ओला फडका पंपावर ठेवायचा
अन् गप उभं राहायचं."

फैजपूर ते भुसावळ, रोज.
रक्तपेढीत माझी पहिली नोकरी,
तिथे सगळं चार अंशांवर,
पिशव्यांवर नावं नाहीत, फक्त गट आणि तारीख.
बाहेर सेहेचाळीस.
दुपारपाळी नसली की दोनला निघते,
सीटवर बसण्याआधी वर्तमानपत्र घालते,
तिकोनी काच फिरवून वारा तोंडावर घेते.
वारा कसला, चुलीची फुंकर.
पण केळीच्या बागा लागल्या की
शंभरेक पावलं, नुकतंच पाणी सोडलेलं असेल तर,
कुणी माठाचं झाकण काढून परत ठेवावं
तेवढा गारवा.
काचा लावून जाणाऱ्यांना तो ठाऊक नसतो.

तिसऱ्याच आठवड्यात बंद पडली, फाट्यावर.
फडका घरी दोरीवर वाळत होता.
ओढणी भिजवली, पंपावर गुंडाळली.
केळीच्या ट्रकमधून पोरं ओरडली, "ताई, धक्का?"
नको म्हटलं.
ओढणीतून वाफ निघताना दिसली,
आणि मी खरंच गप उभी राहिले,
किती वर्षांनी, आठवत नाही,
हातात फोन न घेता.

कलिंदर तडवी बॉनेट उघडण्याआधी
डोळे मिटून घेतो.
"टॅपेट बोलतंय," म्हणतो.
काय करायचं?
"बोलू दे. गप झालं की घेऊन ये."
पैसे घेतले नाहीत. क्लचच्या वेळी मात्र
पगाराचा तिसरा हिस्सा घेतला.

पुढच्या खणात, जुन्या पावत्यांखाली
गार्डसाहेबांची वही सापडली.
सत्त्याऐंशीपासूनचा लिटरलिटर हिशेब,
आणि गाडीची असावी तशी नोंद, रेल्वेगाडीची:
निघाली, पोचली, उशीर, कारण.
सावदा. नऊ मिनिटे. पंक्चर.
यावल. चार मिनिटे. वरात.
तापी पूल. सतरा मिनिटे. गुरे.
परत तापी पूल, एकवीस मिनिटे, गुरे.
पुढेही, बहुतेक रविवारी, संध्याकाळी,
गुरे, गुरे.

शेवटच्या पानांवर आता माझं अक्षर आहे.
वाकडं, आणि लिटर पॉइंटमध्ये.

काल परतताना पुलावर गाडी बाजूला घेतली.
तापली नव्हती. फडका कोरडाच होता.
खाली पाणी दोन धारांत, मधे खडक,
एक माणूस टरबुजाच्या वाडीतला कुंपणाचा काटा काढत होता,
काढून होईपर्यंत बघितलं.
मागे इंजिन आपलं आपण निवत होतं, टिक, टिक,
मग बरंच अंतर ठेवून, टिक.

घरी येऊन वही उघडली.
तापी पूल. चौदा मिनिटे.
कारणाच्या रकान्यात पेन टेकवून
जरा वेळ थांबले,
आणि लिहिलं: गुरे.